सातव्या खाचरातली पळींज

१

पाण्याचं भांडं मधोमध होतं, आणि त्याच्याकडे न पाहण्याची सगळ्यांची धडपड चालली होती. कुणी पायाच्या अंगठ्याने माती उकरत होतं, कुणी तळ्यावरच्या लव्हाळ्यांत डोळे लपवून बसलं होतं. आंब्याखाली अख्खं गाव जमलं होतं. भांड्यात तळ्याचं पाणी, पाण्यात पूर्वजांच्या थडग्यापाशची चिमूटभर माती, एक चांदीचा तुकडा. वर आडवा भाला. त्या भाल्याचं टोक पाण्यावर मारून मी ज्याचं नाव उच्चारीन, त्याला मेल्यावर पूर्वज आपल्या ओळीत जागा देणार नाहीत. घराण्याचं थडगं त्याला कायमचं बंद. जिवंतपणी आमच्यात माणसाला यापरतं काही गमावता येत नाही.

मी गावाचा वक्ता. वयामुळे सगळे मला दादाबे म्हणतात, म्हणजे आजोबा. लग्नात वधूकडून बोलतो तो मी, मयताला निरोप देतो तो मी, आणि शाप उच्चारायचा तोही मीच. नियम जुना आहे: निर्दोष माणसावर टाकलेला शाप उच्चारणाऱ्या जिभेवर परततो. माझ्या आजोबांची जीभ उतारवयात लुळी पडली होती. गावाने त्याचं कारण कधी मोठ्याने सांगितलं नाही, पण विसरलंही नाही.

भांड्याशेजारी डॉक्टर हारिंझाकांनी भाताच्या लोंब्यांची जुडी टाकली होती. भरलेली लोंबी मान खाली घालते. या लोंब्या पांढऱ्या, ताठ, दाण्यावाचून उभ्या होत्या. ज्याला आयुष्याने काहीच दिलं नाही असा माणूस जसा उगाच मान वर करून चालतो, तशा. हिलाच पळींज म्हणतात. खाली खोडाच्या पोटात किडा जेवून झोपलेला असतो, आणि वर त्याचं पांढरं निशाण फडकत राहतं.

"माझ्या भाताला आजवर खोडकिडा शिवला नव्हता," डॉक्टर म्हणाले. ते राजधानीकडचे भातसंशोधक, बियाणे-केंद्रावर आल्यापासून आमच्यातच राहिलेले. "तुम्ही सगळ्यांनी पाहिलंय. आजूबाजूची खाचरं पांढरी पडायची आणि केंद्राचं सातवं खाचर सोन्यासारखं उभं राहायचं. या सुगीनंतर ते बियाणं साऱ्या तळेकाठाला वाटायचं ठरलं होतं. आणि आता हे! मला नाव हवंय, दादाबे. शाप हवाय."

"कुणाचं नाव?" गावप्रमुखाने विचारलं.

डॉक्टरांनी हात उचलला. घोळक्याच्या कडेला वोहांगी बसली होती, लव्हाळ्याची चटई विणत. तिने मान वर केली नाही.

"हिची बदकं यंदा त्या खाचरात उतरली. तिथे बदकं नेणं फादी आहे, निषिद्ध आहे, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. बदकं आली आणि किडा आला. ही विधवा माझ्यावर जळते."

घोळक्यातून एक हुंकार उठला. बदकं आली, किडा आला. गावाला हे पटण्यासारखं होतं.

"काय गं, बोल की," कुणीतरी तिला डिवचलं.

"चालू द्या डॉक्टरांचं," वोहांगी म्हणाली. तिची बोटं थांबली नाहीत. "त्यांचं तोंड उघडलेलं मला आवडतं."

मी भाला उचलला नाही. पुढच्या गुरुवारपर्यंतची मुदत मागितली. गुरुवारी आमच्याकडे भातात कुणी पाऊल टाकत नाही, तो दिवस जमिनीचा आणि मेलेल्यांचा. सभा म्हणून त्याच दिवशी भरते. डॉक्टर चिडले, हात अजून उगारलेलाच होता. तेव्हा मला त्यांची नखं दिसली.

नखांच्या कडा जांभळ्या होत्या. पिकली जांभळं खाल्ल्यावर होतात तशा. पण जांभळांचा बहर केव्हाच ओसरला होता.

२

शुक्रवारी सकाळी मी सातव्या खाचराच्या बांधावर गेलो. केंद्राचा राखणदार तोदी तिथे उकिडवा बसून भाजलेला रताळ्याचा तुकडा चघळत होता.

"या दादाबे. शाप घेऊन आलात की न्याहारी?"

"चाकू घेऊन आलोय. उतर खाली."

"मी कशाला? मी राखण करतो. राखण करणाऱ्याने चोरी करू नये असं म्हणतात."

"खोडं कापायचीत, मूर्खा. चोरी कसली?"

आम्ही दोघे चिखलात उतरलो. कडेची खोडं कापली, मग मधली, मग पाण्याच्या तोंडापाशची. प्रत्येक खोड उभं चिरलं की आत तेच एक दृश्य: भुशाची ओली रांग, आणि बुडाशी पिवळसर, मऊ, स्वस्थ किडा. कुठे लठ्ठ, कुठे नुकता जन्मल्यासारखा. कडेला जितके, तितकेच मध्ये. मग मी बांध ओलांडून शेजारच्या, साध्या भाताच्या खाचरात गेलो आणि तिथली खोडं चिरली. तिथेही तसंच. कमी नाही, जास्त नाही.

"तोदी, कुणी किडे आणून सोडले असते तर ते कुठून सुरू झाले असते?"

"जिथून सोडले तिथून. आग लावली तर एका कोपऱ्यातून लागते."

"आणि ही आग?"

तो चघळायचा थांबला. "ही तर पावसासारखी पडलीय. सगळीकडे सारखी."

म्हणजे या किड्याची अंडी घालणाऱ्या पाकोळ्या आपल्या आपण आल्या होत्या, दरवर्षी साऱ्या तळ्यावर येतात तशाच. कुणाच्या सूडाची त्यांना गरज नव्हती.

"बदकांचं काय?" मी विचारलं.

"उतरली होती. रोपं लागल्यावर आठवड्याभरातच. मी हाकलली, पुन्हा आली. वोहांगी बांधावर बसून विणत होती, मुकाट बघत. मी म्हटलं, बाई, ही फादी आहे, पाळकाची बदकं आठवतात ना? तर म्हणते, आठवतात तोदी, म्हणूनच आणलीत."

चर्चच्या पाळकाची ती बदकं मलाही आठवत होती. काही वर्षांमागे ती याच खाचरात शिरली आणि दुपारी पाण्यावर उलटी तरंगली. जमिनीतलं कुणी रागावलंय असं गाव म्हणालं. दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांनी बांधावर तांबडा कोंबडा कापला आणि खाचराला फादी घातली: इथे बदकं नाहीत, मासे धरणाऱ्या बायकांच्या टोपल्या नाहीत. परका माणूस आमचं मानतो, म्हणून आम्ही हरखलो होतो.

"वोहांगीची किती मेली?"

"एकही नाही." तोदीने रताळं गिळलं. "हीच तर गंमत आहे, दादाबे. एक पीसही गळलं नाही."

३

झाफिलाहीचं दुकान गाडीतळापाशी. तिथे साबण, रॉकेल, पत्रे, खिळे, आणि फळीच्या मागे किडे मारायची औषधं. तळेकाठाला किडा लागेनासा झाला तर ज्याचा सर्वांत मोठा तोटा, तो हा माणूस. मी त्याला हे सरळच सांगितलं.

तो पोट हलवून हसला. "दादाबे, किडा मेला तर माझं अर्धं दुकान मरतं, कबूल. पण किडा आणून सोडायला मी वेडा आहे का? तो बिचारा फुकट येतो, दरसाल, न बोलावता. माझ्या मेव्हण्यासारखा."

"मग डॉक्टरांचं बियाणं गावोगाव जाणार म्हणून तुझी झोप उडाली नव्हती?"

"नाही." तो हे फार झटकन म्हणाला. मग फळीवरची धूळ पुसू लागला.

"का नाही?"

"माणसाने आपल्या धंद्यावर विश्वास ठेवावा."

"झाफिलाही, मी गुरुवारी भाला उचलणार आहे. भलतं नाव घेतलं तर माझी जीभ जाईल. आणि माझी जीभ गेली तर तुझ्या मुलीच्या लग्नात कोण बोलणार? तुझा मेव्हणा?"

तो गंभीर झाला. फळीमागून त्याने एक डबा काढून दाखवला. आत रव्यासारखे जांभळे दाणे. चिखलात टाकले की मुळांतून खोडात चढतात. जो किडा खोड खाईल तो मरतो, जो प्राणी ते पाणी पिईल तोही.

"डॉक्टर नेतात माझ्याकडून. दर हंगामाला एक मोठा डबा. मी कधी विचारलं नाही. म्हणाले, घरामागे गुलाब लावलेत."

"आणि यंदा?"

"यंदाही नेला. लावणीच्या आधी. आणि गेल्या आठवड्यात पुन्हा आले होते, रागाने लाल. म्हणाले, तुझा माल शिळा आहे. मी म्हटलं, डॉक्टर, माझा माल शिळा असता तर गावातले उंदीर मला दुवा देत नसते का?"

परतताना मी केंद्राच्या मागून आलो. डॉक्टरांच्या घरामागे कपडे वाळत घालायची दोरी होती, एक फुटकी बादली होती आणि लाल, उघडी, तडकलेली माती होती. गुलाबाचा एक काटाही त्या मातीत नव्हता.

४

डॉक्टरांनी मला ओसरीवर बसवलं, करपलेल्या भाताचं गरम पाणी दिलं. थकलेले दिसत होते. त्यांच्याशी शत्रुत्व करणं सोपं नव्हतं. बोलू लागले की त्यांच्या बोटांत भाताचं खोड दिसू लागे.

"किडा जन्मतो तेव्हा पापणीच्या केसाएवढा असतो, दादाबे. खोड कठीण असलं, पात्याचं आवरण घट्ट असलं, तर त्याचे दात झिजतात. आत शिरायच्या आधीच उपाशी मरतो. कुणी मारावं लागत नाही. भातच नाही म्हणतं. मी आयुष्यभर ते नाही म्हणणारं भात शोधतोय."

"आणि सापडलं?"

"सापडलं होतं," ते म्हणाले. "तिने नासवलं."

मी शेतातून आणलेलं खोड खिशातून काढून नखाने दाबलं. ते काही न बोलता दबलं. डॉक्टरांनी नजर वळवली.

"मांदिंबीने गेल्या साली तुमच्याकडून वानगीदाखल घेऊन हेच बियाणं पेरलं होतं," मी म्हणालो. मांदिंबी वोहांगीचा नवरा. "त्याचं सारं शेत पांढरं पडलं."

"तो गुरुवारी शेतात उतरला होता. मी तेव्हाच सभेत सांगितलं. तुमच्याच जमिनीचा नियम त्याने मोडला, त्याला मी काय करू?"

ती सभा मला आठवली. मांदिंबी शपथा घेत होता, कुणी ऐकत नव्हतं. त्यानंतर त्याच्या बांधावरून लोक चालेनासे झाले. पावसाळ्याआधी तो उत्तरेच्या रानात माणकं खणायला गेला, आणि एका खड्ड्याने त्याला आत घेतलं ते परत दिलं नाही.

"तुमचं कोठार पाहायचंय," मी म्हणालो.

ते उठले. कोठारात बियाण्याची पोती भिंतीला ओळीने उभी होती, गावाला वाटायची. कोपऱ्यात दाणे वाळवायच्या नव्या चटयांची गुंडाळी होती. कडेला रुंद जांभळा पट्टा. चटयांमागे डबा.

"खत आहे," डॉक्टर मी न विचारताच म्हणाले.

मी चिमूटभर दाणे घेतले. कप अजून माझ्या हातात होता. दाणे त्या पाण्यात सोडले. पाणी पाहता पाहता जांभळं झालं, आणि तळाशी स्वच्छ, पांढरी, निरागस वाळू बसली. तळ्याच्या पूर्व काठावर असते तशी.

डॉक्टर कपात पाहत राहिले. त्यांच्या चेहऱ्यावरचं रक्त कुणी उपसून काढावं तसं उतरत गेलं. आपल्या घरात चोरी झाली आहे, हे ज्याला नुकतंच कळलं आहे, आणि ज्याला ओरडता येत नाही, असा माणूस मी पहिल्यांदा पाहिला.

"खत," ते पुन्हा म्हणाले. आवाज त्यांचा नव्हता.

मी बाहेर आलो. बोटं विहिरीवर घासून धुतली. नखांच्या कडांतला जांभळा रंग गेला नाही.

५

कोठाराची किल्ली तोदीकडे होती. डबा झाफिलाहीच्या दुकानातून आला होता. चटया वोहांगीने आणून दिल्या होत्या. दाण्यांपर्यंत हात पोचू शकणारी माणसं हीच. पण त्यांतलं एकच माणूस असं होतं, ज्याने सातव्या खाचरात आपली बदकं सोडली. ज्या बाईकडे बदकांखेरीज काहीच उरलेलं नाही, ती त्यांना विषात उतरवत नाही. पाणी गोड झालंय, हे आधी ठाऊक असल्याखेरीज नाही.

ती दारात बसून लव्हाळी रंगवत होती. हंड्यात जांभळा रंग शिजत होता. चुलीशेजारी एक मडकं होतं, तोंड पानांनी झाकून लव्हाळ्याच्या गाठीने आवळलेलं.

"बसा दादाबे. भाला बाहेर ठेवलात ना?"

"सभेत आहे. वोहांगी, वाळू पूर्वेच्या काठाची का?"

ती हसली. बऱ्याच दिवसांनी कुणीतरी तिच्या भाषेत बोलल्यासारखी. "तिथली बारीक असते. रंग नीट धरते."

"कधी कळलं तुला?"

"मांदिंबीचं शेत पांढरं पडलं तेव्हा मी सातव्या खाचरापाशी जाऊन बसायची. तेच बियाणं, तेच पाणी, तेच आभाळ. तिथे सोनं, इथे राख. मी त्या खाचरातली मूठभर लोंबी आणली, इथे दारात मडक्यात पेरली. किडा लागला. म्हणजे गुण बियाण्यात नव्हता, चिखलात होता. मग पाळकाची बदकं आठवली. भाताला जर किडा शिवतच नाही, तर बदकं का मरावीत? आणि फादी कुणासाठी? पाकोळ्यांना फादी कळत नाही, दादाबे. ती माणसांसाठी होती. मेलेलं बदक पुन्हा कुणी पाहू नये म्हणून."

"आणि तू दाणे बदललेस."

"मी एकही रोप नासवलं नाही. त्याच्या भाताला मी फक्त एकटं सोडलं. माझ्या नवऱ्याला त्याने सोडलं तसं."

बदकं अंगणात आली, तिच्या पायांशी घुटमळू लागली. त्यांतल्या सर्वांत लठ्ठ बदकाला तिने मांडीवर घेतलं.

"आमच्या थडग्यात मांदिंबीच्या जागेवर मी एक चटई गुंडाळून ठेवलीय," ती म्हणाली. "हाडं नाहीत, म्हणून चटई. तिच्याशेजारी मला जायचंय. गुरुवारी तुम्ही माझं नाव घेतलंत तर तेवढंही जाईल."

"चोरी तू केलीस हे खरं आहे."

"काय चोरलं ते त्याने सांगू दे. सगळ्यांसमोर. विष म्हणू दे, आणि मांदिंबी गुरुवारी शेतात उतरला नव्हता एवढं म्हणू दे. मग मी स्वतः भाल्याखाली मान देते."

"तुला त्याचा जीव नको?"

"मला त्याचं तोंड हवंय." ती बदकाच्या मानेवरून हात फिरवत राहिली. "ते नाही उघडलं, तर मग बघू."

६

गुरुवारी भांडं पुन्हा मधोमध होतं. मी भाला उचलला, आणि शेकडो डोळे भाल्याबरोबर वर गेले.

"गावकऱ्यांनो," मी म्हणालो, "आपण म्हणतो, बदकं आली म्हणून किडा आला. मीही तसंच मानत होतो. पण छप्पर उडालं की घरात ऊनही येतं आणि पाऊसही. उन्हाने पाऊस आणला असं कुणी म्हणत नाही. सातव्या खाचरावरचं एक छप्पर यंदा उडालं. त्या एकाच भोकातून बदकंही आत आली आणि किडाही. तेव्हा किडा कुणी आणला, हा प्रश्न नाही. आजवर तो कुणी अडवून धरला होता, हा प्रश्न आहे."

मी डॉक्टरांकडे वळलो.

"शाप देण्याआधी गुन्ह्याचं नाव घ्यावं लागतं. डॉक्टर, रोपं उभी आहेत, पाणी आहे, बांध आहे. तुमच्या कोठारातून काहीतरी गेलंय. काय गेलं ते सांगा. त्याचं नाव तुम्ही उच्चारा. चोराचं नाव मी याच क्षणी उच्चारतो."

वोहांगीने पहिल्यांदा चटई खाली ठेवली. ती डॉक्टरांच्या ओठांकडे पाहत होती. तहानलेलं माणूस घागरीच्या काठाकडे पाहतं तसं.

डॉक्टरांनी ओठ उघडले, मिटले.

"हात दाखवा," गावप्रमुख म्हणाला.

डॉक्टरांनी हात अंगावरच्या लांब्याच्या, शालीच्या, घडीत सरकवले. मी माझे पुढे केले. नखांच्या कडा अजून जांभळ्याच होत्या. मी कप, वाळू, सारं सांगितलं. मग पाळकाची बदकं. मग कोंबडा. पाळक उठून उभा राहिला.

"झाफिलाही," मी म्हणालो, "डॉक्टर तुझ्याकडून काय नेतात?"

"गुलाबांचं औषध," झाफिलाही पुटपुटला.

"कुठले गुलाब?" तोदी मागून ओरडला. "तिथे माझी चड्डी वाळते!"

हसू फुटलं आणि लगेच मेलं, कारण हसता हसता एकेकाला आपापलं गेल्या सालचं शेत आठवलं. म्हातारी फिरिंगा उठली. तिनेही ते बियाणं पेरलं होतं. "मांदिंबी शपथ घेत होता," ती म्हणाली, "आणि मी त्याच्या बांधावर थुंकले. डॉक्टर, तो गुरुवारी उतरला होता का?"

डॉक्टर जमिनीकडे पाहत होते. मला वाटतं, त्यांना बोलायचं होतं. आणखी एक संकर, आणखी एक हंगाम, आणि ते नाही म्हणणारं भात खरंच सापडणार होतं. तोवर जगाला थोडं थांबवून ठेवण्यासाठीच ते जांभळे दाणे होते, असं काहीतरी. पण त्यांनी काहीच म्हटलं नाही. मी प्रश्न तीनदा विचारला, रीतीप्रमाणे. तिन्ही वेळा ती शांतता तशीच परत आली.

वोहांगीने चटई पुन्हा उचलली.

मी भाला जमिनीवर ठेवला आणि पाणी आंब्याच्या बुंध्याशी ओतलं. ज्या गुन्ह्याला फिर्यादी नाव देत नाही, त्याला शाप नाही. पोत्यांतलं बियाणं गावात पेरलं जाणार नाही, आणि डॉक्टर दुपारच्या गाडीने तळेकाठ सोडतील, असं गावप्रमुखाने जाहीर केलं. मग तो घुटमळला. ज्याने आपल्यात राहून भात खाल्ला, त्याला उपाशी पोटी गावाबाहेर काढणं हीदेखील फादीच आहे. "शेवटचं जेवण कुणी घालायचं?"

पुन्हा सगळे पायाच्या अंगठ्यांकडे पाहू लागले.

"मी घालते," वोहांगी म्हणाली.

घोळक्यातून एक सुस्कारा निघाला. काय मन आहे बाईचं, असं कुणीतरी म्हणालं. म्हातारी फिरिंगा डोळे पुसू लागली. डॉक्टरांनी मान वर करून वोहांगीकडे पाहिलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच काहीतरी सैल झालं. कृतज्ञतेसारखं.

मी घरी आलो. जीभ तोंडात फिरवून पाहिली. ती शाबूत होती. मी सुटलो होतो, ती सुटली होती, बियाणं अडलं होतं. तरी मनात काहीतरी रुतून राहिलं होतं, चिरलेल्या खोडाच्या बुडाशी असतं तसं, मऊ आणि जिवंत. डब्यात वाळू होती. मग डब्यातलं जे होतं, ते कुठे होतं?

मी धावत तिच्या अंगणात पोचलो. पिसं सर्वत्र उडालेली होती. तिने ते लठ्ठ बदक कापलं होतं; रस्सा उतरवून झाकला होता, भात वाफेला होता. चुलीशेजारचं मडकं तिथेच होतं. त्याचं तोंड उघडं होतं आणि लव्हाळ्याची गाठ सोडून बाजूला ठेवली होती.

"वोहांगी," मी म्हणालो. "डब्यातले खरे दाणे तू कुठे ठेवलेस?"

तिने हातावरची पिसं झटकली. रश्शाचं भांडं उजव्या हातात घेतलं, भाताचं डोक्यावर ठेवलं, माझ्या अंगावरून पुढे झाली आणि डॉक्टरांच्या ओसरीकडे जाणाऱ्या बांधावरून चालू लागली. उरलेली बदकं रांगेने तिच्या मागे गेली.